पाच जणींची एक आजी

सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. ज्या गोष्टीवर मी तीस वर्षं क्लास चालवला, ती गोष्ट मला स्वतःला पुरती कळलेली नाही. इंग्रजीत होऊन गेलेली गोष्ट सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक साधी, आणि दुसरी 'हॅव' लावून. कुठं कुठली घ्यायची हे मी पाथर्डीत नि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरापोरींना शिकवलं. आजही कुणी एकदम समोर येऊन विचारलं, की मी आधी चहा ठेवायला आत जाते. तेवढा विचार करायला वेळ मिळतो.

माझं शिक्षण दहावी, इंग्रजीत काठावर पास. लग्न होऊन नागापूरला आले. आमचे हे एमआयडीसीत फिटर. कारखान्यात यंत्रांबरोबर आलेली इंग्रजी माहितीपुस्तकं रद्दीत निघायची, ती हे घरी आणायचे, पुड्या बांधायला होतील म्हणून. मी ती वाचायला लागले. पहिलं पुस्तक पाण्याच्या पंपाचं. त्यामुळं माझ्या इंग्रजीत कितीतरी दिवस नुसते हुकूमच होते: हे फिरवा, ते आवळा, चालू असताना हात घालू नका. भूतकाळ पंपाच्या पुस्तकात नसतो. तो मी नंतर जुनं शालेय गाईड आणि फाटकी डिक्शनरी यांच्या जिवावर शिकले. पुढं कारखाना बंद पडला, आम्ही पाथर्डीला परत आलो, आणि घराच्या पुढच्या खोलीत मी क्लास काढला. पोरं 'बाई' म्हणायला लागली. झाले बाई.

आता ज्यांचा इंग्रजीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण म्हणतो 'मी जेवले', आणि आपण म्हणतो 'मी जेवलेय'. फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, पण कळतो. 'जेवलेय' म्हटलं की आग्रह करणारीला समजतं, पोटात आता जागा नाही. इंग्रजीचं तसंच आहे, असं मी पहिल्या दिवशी सांगायचे. गोष्ट झाली आणि मागं कडी लागली, तर साधा भूतकाळ. गोष्ट झाली पण दार अजून उघडं आहे, तर हॅव. पोरं माना डोलवायची. मलाही बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी घोळ सुरू. इंग्रजीत 'काल' म्हटलं, की हॅव चालत नाही. का नाही? नाही म्हणजे नाही. एकदा शेवगावकडची एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, माझा भाऊ कालच पुण्याहून आलाय. अजून घरातच हाय. दार सताड उघडं हाय. मग हॅव का न्हाई?"

मी म्हटलं, "कारण काल संपला."

"पण भाऊ कुठं संपलाय बाई?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि घरात जाऊन चहा ठेवला.

नागापूरचे एक ओळखीचे सुपरवायझर होते, आमच्या ह्यांच्याबरोबर काम केलेले. त्यांना बाहेरदेशच्या गिऱ्हाइकाला मेल पाठवायची असली की मला फोन. एकदा म्हणाले, "वहिनी, मशीन बिघडलं असं कळवायचंय. कसं लिहू?" मी त्यांना समजावलं, की बिघडून दुरुस्त झालं असेल तर एक वाक्य, अजून बिघडलेलंच असेल तर दुसरं. तर ते म्हणाले, "दुरुस्त झालं की न्हाई हेच तर आमाला माहीत न्हाई. चालू केलं की कळंल. दोन्हीच्या मधलं काय न्हाई का?" दोन्हीच्या मधलं मी आजपर्यंत शोधते आहे.

आपल्या जिल्ह्याचंच बघा. नगरचं अहिल्यानगर झालं, का झालंय? एसटीच्या पाटीवर एक, कंडक्टरच्या तोंडात दुसरं. मग हॅव लावायचं का नाही? असू द्या. विषय लांबतो.

तर रोहिणीबद्दल सांगायचंय. ती माझ्याकडं अकरावीत असताना आली. पाथर्डीपासून आत डोंगराकडं त्यांची वस्ती. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे ते पार पाडव्याच्या सुमाराला परत. तोवर घरी ही आणि आजी. मी सगळ्यांना 'माझ्या आयुष्यातला एक प्रसंग' असं लिहायला दिलं होतं. बाकीच्यांनी सहल लिहिली. हिनं आजी लिहिली.

ती आठवीत असताना आजीला अर्धांगवायू झाला. आईबाप कोल्हापूरकडं उसाच्या फडात. वस्तीवरची माणसं आजीला दवाखान्यात घेऊन गेली, आणली, आणि मग सहा महिने त्या पोरीनं एकटीनं तिचं केलं. वहीत तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, की आजीचा डावा हात उन्हात विसरलेल्या भेंडीसारखा झाला. की भाकरी दुधात चुरायची, पार चिखल होईपर्यंत, आणि घास उजव्या गालात ठेवायचा, कारण डाव्या बाजूनं गळतो. की तिला कुशीवर वळवायला गोधडीची कडा धरून ओढायची, माणसाला नाही ओढायचं. आणि शेवटी, म्हणून मला नर्स व्हायचंय.

क्रियापदं सगळी चुकलेली. मी लाल पेन घेऊन बसले. आठवडाभर बसले. भेंडीला काढलं, कारण ते विचित्र वाटलं. चिखल काढला, कारण घाण वाटला. गोधडीला इंग्रजीत काय म्हणायचं ते डिक्शनरीत मिळेना, म्हणून तीही काढली. उरली चार-पाच वाक्यं. ती मी एका निवृत्त हेडमास्तरांना नेऊन दाखवली. ते चष्मा पुसून वाचून म्हणाले, "बाई, यात एकही चूक नाही." मला आकाश ठेंगणं झालं. कारण त्यात दोन्ही होतं, साधा भूतकाळही आणि हॅवही, शेजारी शेजारी, आणि दोन्ही आपापल्या जागेवर: माय ग्रँडमदर फेल इल व्हेन आय वॉज इन द एट्थ स्टँडर्ड. सिन्स देन आय हॅव वॉन्टेड टू बी अ नर्स.

आता मी जे केलं ते तुम्ही मला विचारा, का केलं, तर मी सांगेन की आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर हेच केलं. शाळेत 'माझी आई' निबंध फळ्यावर लिहून द्यायचे, आणि पन्नास पोरांची आई एकाच वेळी पहाटे उठून सडा घालायची. कुणाची आई नागापूरच्या कारखान्यात पाळीवर जायची, कुणाची होतीही कुठं, पण परीक्षेत तीच आई पास व्हायची. तपासणाऱ्यानं कधी विचारलं नाही. चांगला उतारा सापडला की वाटायचा, लपवायचा नाही, हाच आमच्या क्लासचा मोठेपणा होता. तर मी रोहिणीचा उतारा फळ्यावर लिहिला. जो मुलाखतीला निघेल त्याला तो द्यायला लागले. शेवटचा शब्द तेवढा बदलायचा. शिर्डीच्या हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या एका पोरानं आजीच्या आजारपणापासून आपल्याला रिसेप्शनिस्ट व्हायचंय असं सांगितलं, आणि त्याला घेतलंही! कारखान्यात पॅकिंगला लागलेल्या पोरीनं तेच सांगितलं. मी खूश.

रोहिणीला विचारलं का? नाही विचारलं. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. तोवर ती नर्सिंगला नगरला गेली होती.

ती तीन वर्षांचा कोर्स करून, पुढं एका दवाखान्यात नोकरी करून परत माझ्याकडं आली, ती इंग्लंडातल्या वृद्धाश्रमासाठी नर्स घेणार होते तेव्हा. हे अगदी अलीकडचं. आमच्या भागातल्या पाच जणींना मुलाखतीचं बोलावणं होतं, आणि पाचही जणी कधी ना कधी माझ्या हाताखालून गेलेल्या. रोहिणीच्या घरी ही नोकरी म्हणजे नुसती नोकरी नव्हती. तिचा बाप म्हणाला होता, "हिचं झालं, तर ह्या वर्षी कोयता घरात राहील." धाकटा भाऊ सहावीत होता. त्याला सोबत फडावर न्यायचं का घरी कुणाच्या तरी भरवशावर ठेवायचं, यावर त्या घरात रोज भांडण व्हायचं. आजी तर केव्हाच गेली होती.

मी पाचही जणींची तयारी घेतली. चौघींच्या वहीत तो उतारा होताच. रोहिणीच्या डोक्यात होता, तिचाच तो. कुणी कुणाला विचारलं नाही, की तू काय सांगणार आहेस. आणि मी, जिला सगळं माहीत होतं, ती कोण कुठं हॅव विसरते तेवढंच बघत बसले.

मुलाखत नगरला, भरती करणाऱ्यांच्या ऑफिसात. आत कॉम्प्युटर, पडद्यावर इंग्लंडातली एक वयस्क बाई. बाहेर बाकावर आम्ही. सकाळी पहिली पोरगी आत गेली, दहा मिनिटांत उड्या मारत बाहेर.

"बाई, आजी चालली!"

दुसरी बाहेर आली. "माझी पण चालली. पण त्या जरा थांबल्या, आणि काहीतरी लिहून घेतलं."

तिसरी बाहेर आली. विचारलं तर म्हणाली, "मी आजी आजारी पाडली, आणि त्यांनी मधेच हात वर केला."

चौथी, अश्विनी, लई हुशार. ती आत जाता जाता माझ्या कानात म्हणाली, "बाई, काळजी करू नका, मी आजोबा करते." आणि तिनं केले आजोबा. आठवीत असतानाच आजारी पाडले.

मला तेव्हा कळायला हवं होतं. उठून रोहिणीला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, की पोरी, दुसरं काहीतरी बोल. मी उठलेही. पण काय सांगणार होते? तुझी आजी मी वाटून टाकली, आता तू वेगळी आण? मी परत बसले. तिचं नाव पुकारलं आणि ती आत गेली.

पाच मिनिटं झाली नसतील, ती बाहेर आली. चेहरा पांढरा.

"काय झालं गं?"

"त्या हसल्या, बाई. म्हणल्या, वुई हॅव हर्ड धिस स्टोरी."

आणि काय सांगू तुम्हाला, त्या घटकेलाही माझ्या मेलीच्या मनात आधी हेच आलं, की हॅव अगदी बरोबर वापरलं.

ऑफिसातल्या मॅडमनी आम्हाला आत बोलावून सांगितलं, की पाचही फायली बाजूला ठेवल्यात. पाठ करून आलेल्या, खोटं बोलणाऱ्या पोरी त्यांना नकोत. आजारी माणसांपाशी खोटं चालत नाही.

परतीच्या एसटीत चौघी आपसात कुजबुजत होत्या. रोहिणी खिडकीशी. करंजीचा घाट लागला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, माझ्याकडं न बघता.

"बाई, आजी माझी हुती."

"हो गं."

"माझी एकटीची हुती. तिचं मी केलं. ह्या पोरींना काय माहीत, ती किती जड हुती ते."

मी म्हटलं, "मला वाटलं, चांगलं आहे, सगळ्यांच्या उपयोगी पडेल."

"मला विचारलं असतं तर मी दिलं असतं," ती म्हणाली. "न्हाई, न्हाई दिलं असतं. मला न्हाई माहीत."

घरी आले आणि विचार करत बसले. खरं सांगावं तर रोहिणीचं काम होईल कदाचित, पण बाकी चौघी उघड्या पडतील. न सांगावं तर पाचही गेल्या. दुसऱ्या दिवशी अश्विनीची आई आली, तावातावानं. "आमच्या पोरीला खोटं तुमी शिकवलं, आन आता खोटारडी आमची पोरगी व्हय?" मी म्हटलं, "नाही, खोटारडी मीच." ती गडबडली. भांडायला आलेल्या माणसाला असं उत्तर नको असतं. म्हणाली, "तसं न्हाई वो बाई. पण मग काय करायचं?"

शेवटी ऑफिसातल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, काय म्हणायचं ते इंग्रजीत लिहून पाठवा, मी पुढं देते. मी दुपारभर बसले. आयुष्यातली सगळ्यात छोटी चिठ्ठी आणि सगळ्यात जास्त वेळ. रोहिणी रोट इट. आय करेक्टेड इट. आय गेव्ह इट टू एव्हरीबडी. द गर्ल्स ट्रस्टेड मी. इथवर ठीक. मग लिहायचं होतं, की मी चूक केली. तिथं अडकले. चूक होऊन गेली, कडी लागली? की दार उघडं आहे? हेडमास्तर आता राहिले नाहीत, कुणाला विचारणार? शेवटी दोन्ही लिहिलं. आय डिड राँग. आय हॅव डन राँग. आणि खाली त्या पोरीच्या वहीतलं, मी काढून टाकलेलं सगळं आठवून आठवून लिहिलं. भेंडी, चिखल, गोधडी. गोधडीला गोधडीच लिहिलं.

लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. मी तिच्या आजीला इतकं धुऊन पुसून स्वच्छ केलं, की ती कुणाच्याही घरात जाऊन बसायला लागली. भेंडीसारखा हात राहू दिला असता, तर शिर्डीच्या रिसेप्शनिस्टानं ती नेली नसती.

आठवड्यानं पाचही जणींना परत बोलावलं. या वेळी मला येऊ नका म्हणून निरोप होता, आणि तो ऑफिसाचा नव्हता, रोहिणीचा होता. मी घरी बसले. संध्याकाळी अश्विनीचा फोन. म्हणाली, आजीचं नावसुद्धा काढलं नाही बाई, तिकडं एक बाहुला ठेवला होता माणसाएवढा, म्हणाले याला कुशीवर वळवून दाखवा, याला भरवून दाखवा.

पाचातल्या दोघींना घेतलं. रोहिणी, आणि ती दुसऱ्या नंबरवर गेलेली पोरगी. अश्विनीला नाही घेतलं. ती आता नगरला एका दवाखान्यात आहे. तिची आई बाजारात भेटली तर बोलते, पण थांबत नाही. माझ्या चिठ्ठीनं बरं झालं का वाईट, ते मी अजून ठरवू शकले नाही. चिठ्ठी कुणी वाचली तरी का, तेही मला माहीत नाही.

रोहिणी जाताना भेटायला आली नाही. तिचा बाप आला. त्या वर्षी कोयता घरातच होता. ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "पोरगी रागावली हाय तुमच्यावर. मी म्हणलं, बाईंनीच तर शिकवलं. तर म्हणती, म्हणूनच रागावले, दुसऱ्या कुणावर कशाला रागावू." मी त्याला चहा दिला.

क्लास अजून आहे, लहान झालाय. तो उतारा मी सगळ्यांना खोडायला लावला. पोरं म्हणाली, "मग मुलाखतीत काय सांगायचं?" मी म्हणते, तुझं तू सांग. ती गप्प बसतात. निम्मी पोरं आता दुसऱ्या क्लासला जातात, तिथं छापील उत्तरं मिळतात. जी राहिलीत, त्यांची वाक्यं वाकडीतिकडी असतात, आणि त्यात मी काय दुरुस्त करावं आणि काय तसंच सोडावं, हे मला खरंच कळत नाही. लाल पेन उघडते, आणि परत टोपण लावते.

रोहिणीचा फोन आला तो सात-आठ महिन्यांनी. मी आवाज ओळखलाच नाही. ख्यालीखुशाली झाली. थंडी लई हाय म्हणाली, भाकरीला पीठ मिळतंय म्हणाली. मग म्हणाली, "इथं एक म्हातारी हाय, बाई. तिचा पण डावा हात गेलाय. परवा मला म्हणली, तुला बरं कळतं, घास कुठल्या गालात ठेवायचा ते. मग सांगितलं तिला. आजीचं."

"इंग्रजीत?"

"जसं आलं तसं. हॅव-बिव काय लागलं कुणाला ठाऊक."

"मग? काय म्हणाली?"

"रडली. माझा हात धरून बसली."

मी भीत भीत विचारलं, "खरं मानलं तिनं?"

"मानलं की," रोहिणी म्हणाली. "तिच्याकडं तुमच्या क्लासच्या बाकीच्या पोरी कुठं आल्या हुत्या?"

मी हसले. तीही हसली, पण माझ्यानंतर, जरा थांबून.